श्रीयुत फरशी-ॲसिड यांना अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत फरशी-ॲसिड,
न्हाणीघराच्या दारामागचा कोपरा,
मु. पो. वडीगोद्री, ता. अंबड, जि. जालना

यांस कृतानेक नमस्कार वि. वि.

नमस्कार लांबूनच केलाय, गोड मानून घ्यावा. जवळ येऊन केला असता, पण आपण श्वास घेऊ देत नाही.

पत्रास कारण की, पितरपाट सुरू झालाय, घट बसायला आलेत आणि घरोघरी पुन्हा आपली आठवण निघू लागली आहे. आमच्याकडे घट बसायच्या आधी घराचा एक कोपरा सोडत नाहीत. गोधड्या-वाकळा कॅनॉलवर जातात, फळीवरची पितळी भांडी खाली उतरतात, फोटोंच्या काचा पुसल्या जातात, पंख्याच्या पात्यांवर वर्षभर बसलेलं किटण निघतं. सगळ्यात शेवटी फरशी. आणि फरशी म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, "ॲसिड टाका की, आरशावाणी होती." तेवढ्यात गल्लीत टेम्पोही येतो. त्याच्या भोंग्यावर आपलं नाव फिनेलच्याही आधी पुकारतात. हा मान आपण कमावलेला आहे.

आपण कुठे राहायला आलात तेही सांगते, म्हणजे गैरसमज नको. वडीगोद्री हे छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाताना लागणारं गाव. अंतरवाली सराटी शेजारीच. 2024 च्या जूनमध्ये इथल्या आरक्षणाच्या उपोषणामुळे गावाचं नाव महाराष्ट्रभर टीव्हीवर झळकलं. त्या मोठ्या प्रश्नात मी पडत नाही. माझं गाऱ्हाणं न्हाणीपासून स्वयंपाकघरापर्यंतचं आहे, आणि ते ऐकायला कुणी मंत्री येणार नाही, म्हणून थेट आपल्यालाच लिहिते.

आपण यायच्या आधीही इथे माणसं राहत होती आणि त्यांच्या पायाखाली जमीन होती. माळवदाचं घर, खाली शेणामातीनं सारवलेली भुई. तिचं कौतुक मी करत बसणार नाही. सारवणाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते आयुष्यात एकदाही केलेलं नसतं. आमच्या आत्याबाईंना विचारा. सणाच्या आदल्या दिवशी पहाटे उकिडवं बसून अख्खी ओसरी सारवायची आणि दुपारी पाहुण्यांसाठी पोळ्या लाटायच्या. त्यांचे गुडघे अजून त्या ओसरीचा हिशेब मागतात. म्हणून घरात शहाबादी फरशी आली त्या दिवशी त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं, यात मला हसण्यासारखं काही वाटत नाही.

ही शहाबादी म्हणजे आमच्या जुन्या ओळखीतली. शहाबाद आज कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात असलं, तरी निजामाच्या राज्यात ते आणि जालना एकाच सरकारचे. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची नवी मांडणी झाली तेव्हा गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. फरशीने ती सीमा कधी मनावर घेतली नाही. ट्रक भरून येत राहिली, शाळेत, देवळात, दवाखान्यात, पंचायतीत, आमच्या न्हाणीत. घडीघडीने निघणारा राखाडी दगड, उन्हाळ्यात गार, पायाला न घसरणारा. आणि त्याची जात चुनखडी. वाडी-शहाबादकडचे सिमेंट कारखाने त्याच पट्ट्यातली चुनखडी भाजून सिमेंट करतात. हे शेवटचं वाक्य आपण दोनदा वाचावं. आपला सगळा गुन्हा त्यात आहे.

तर आता आपल्या गृहप्रवेशाकडे येऊ.

भाऊजींनी आपल्याला अंबडहून आणलं. बाटलीवर नाव नाही, गाव नाही, तीव्रता किती ते नाही. झाकणाला भोक पाडलेलं, म्हणजे पिचकारी मारायची सोय. मी म्हटलं, "भाऊजी, आधी कोपऱ्यात थोडं टाकून बघू." ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही बाजूला व्हा, तुम्हाला वासाचा त्रास होईल." घरकामात बाप्या माणसाचा उत्साह वर्षातून एकदाच उतू जातो, त्याच्या आड कोण येणार? बाटली उलटी झाली.

आणि काय तो फेस! मी उंबऱ्यात नाकाला पदर लावून पाहत होते. पांढुरक्या थराच्या कडेला आधी मोहरीएवढे बुडबुडे उठले, मग सूं करत सगळा भाग उकळल्यासारखा हलला. वर धूर, खाली पिवळट पाणी. पोरं गोळा झाली. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. भाऊजी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बघा, मळ कसा उकळून निघतोय!"

श्रीयुत ॲसिड, तेव्हा आपण गप्प बसलात. आपल्याला खरं माहीत होतं. तेलकट मळाला, चिखलाला, चहाच्या डागाला असा फेस येत नाही. फेस येतो तो चुनखडीला. आपलं शाळेतलं नाव हायड्रोक्लोरिक आम्ल. आपण चुनखडीला भेटलात की तिचं कॅल्शियम क्लोराईड होतं, थोडं पाणी होतं आणि कार्बन डायऑक्साईड वायू बुडबुडे होऊन उडून जातो. लोक टाळ्या वाजवत होते ते फरशीच्या निरोप समारंभाला.

भूगर्भशास्त्र शिकलेली माणसं डोंगरात जाताना आपली पातळ केलेली एक इवलीशी कुपी खिशात ठेवतात. दगडावर एक थेंब टाकतात, फसफसलं की ओळखतात, हा चुनखडी. आपलं खरं काम असं एका थेंबाचं आहे. आमच्याकडे तीच परीक्षा आख्ख्या न्हाणीवर घेतात, बाटलीभर ओतून घेतात, दरवर्षी घेतात, आणि निकाल कुणी वाचत नाही.

आता मूळ डागाकडे. तो पांढरा थर कशाचा होता? जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे आणि तो आमच्या तालुक्यातून जातो, पण त्याचं पाणी उसा-कापसाच्या वाटणीचं. घरात वापरायला बोअर. बोअरचं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या तळाला खडे धरतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. ती 600 ची हद्द धरू. फरशी पुसल्यावर रोज अर्धा लिटर पाणी तिच्यावरच वाळलं, तर 300 मिलिग्रॅम चुना मागे राहतो. वर्षाचे झाले शंभर ग्रॅमच्या वर. बोअरचं पाणी त्याहून जड असेल तर पुढचा हिशेब ज्याने त्याने करावा.

म्हणजे डागही चुना आणि फरशीही चुना. दोघं एकाच जातीचे, एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसलेले. आपल्यासारख्या विद्वानाला त्यातला डाग कोणता आणि दगड कोणता हे ओळखता येत नाही, आणि आपण ओळखायचा प्रयत्नही करत नाही. पुस्तकी हिशेबाने आपले 73 ग्रॅम 100 ग्रॅम चुनखडी खातात. थर संपला की आपण जेवण थांबवत नाही, पुढचं ताट ओढता. आपली तीव्रता बाटलीवर लिहिलेलीच नसते, त्यामुळे एका बैठकीत किती फरशी पोटात गेली ते आपल्यालाच ठाऊक.

ओली होती तोवर फरशी खरंच छान दिसली. वाळली आणि तिचा चेहरा उतरला. हात फिरवून पाहिला, तर पॉलिश पेपरवरून फिरवावा तसं खरखर लागलं. दगडावरची गुळगुळीत कातडी गेली होती, बारीक भोकं उघडी पडली होती. त्यानंतर फोडणीचं तेल सांडलं ते आत मुरलं. हळदीचं बोट पडलं ते राहिलं. पायाची काळी माती एका पुसण्यात निघेना. दमट दिवशी तर फरशी वाळतच नव्हती, कारण नीट धुतलं नाही तर मागे राहिलेलं आपलं कॅल्शियम क्लोराईड हवेतलं पाणी ओढून घेतं. फरशी जितकी मळू लागली, तितकं घरातून एकच वाक्य ऐकू येऊ लागलं, "पुन्हा एकदा ॲसिड मारू." आधी घर खिळखिळं करायचं आणि मग तेच निमित्त करून दर सणाला दारात हजर व्हायचं, ही रीत आपण सावकाराकडून घेतलीत की सावकारानं आपल्याकडून?

आणि मळकी फरशी बघून पाहुणी काय म्हणते? "सुनबाईला स्वच्छतेची आवड दिसत नाही." आपलं नाव कुणीही घेत नाही. खाल्लं आपण, बोल आम्हाला.

दगडाचं झालं, आता सांध्यांचं. फरशांच्या मधल्या फटी सिमेंटने भरलेल्या असतात, आणि सिमेंट चुन्याच्याच घराण्यातलं. ते आपण खाल्लं. मग न्हाणीचं पाणी फटीतून खाली गेलं, फरशी ठोकली की पोकळ वाजू लागली, कडेने मुंग्यांनी माती काढली. आता लोक म्हणतील, चकचकीत टाईल्स बसवा, त्यांना ॲसिड लागत नाही. टाईल्सच्या काचेरी थराला आपण लगेच हात लावत नाही, हे कबूल. पण सांधे तिथेही सिमेंटचेच असतात. मोझॅकच्या फरशीत तर सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे, म्हणजे आपल्याला जेवणावर गोड. राजस्थानातून येणारा कोटा दगड, तोही चुनखडीच. संगमरवर, तिचाच भाऊबंद. आमच्या रानातला काळा दगड मात्र आपल्याला फारशी दाद देत नाही, पण तो फोडून न्हाणीत बसवायचं बळ आता कुणात नाही.

आपली वाफही रिकामी बसत नाही. दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या दाराची कडी नारिंगी गंजली. नळाची चकाकी गेली. पत्र्याच्या पिंपाला तांबडे ठिपके आले. आत्याबाई खोकत राहिल्या, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घर झाडलं ना, धुरळा गेला असंल नाकात." बघा, त्यांनीही आपल्याला पाठीशी घातलं.

तुमचा कुठेच उपयोग नाही, असं मी म्हणत नाही. जालना जिल्ह्याला लोखंड नवं नाही, आमची सळई दूरवर जाते. लोखंडावरचा गंज उतरवायला कारखान्यांत तुम्हाला मान आहे. तिथे तुम्हाला हाताळणारा माणूस रबरी हातमोजे घालतो, डोळ्यांना चष्मा लावतो, पायात बूट असतात, हवा खेळती ठेवतात. आमच्याकडे तुमच्यासमोर येते ती साडी खोचलेली, अनवाणी बाई, भेगा पडलेल्या टाचांची, आणि न्हाणीला खिडकी म्हणून वितभर जाळी. तिलाच तुम्ही शूर. गाडगेबाबा गावोगाव हिंडले ते हातात खराटा घेऊन. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान राज्यात 2000-01 पासून चाललंय. बाटली त्यांना कधी लागली नाही.

इथपर्यंत अहो-जाहो केलं. पुढचं नाही करणार.

पावसाळ्यात ग्रामपंचायतीकडून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर मिळते, टाकीत, आडात टाकायला. उरलेली पुडी घरातल्याच एखाद्या फळीवर राहते. आमच्या ओळखीत एका बाईनं डोकं चालवलं, नुसत्या ॲसिडनं निघंना म्हणून वरून टीसीएल भुरभुरली. दार लावलेलं. पुढे काय झालं ते तुला पाठ आहे, कारण ते तूच केलंस. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. तिथे सैनिक होते. इथे चार फुटांच्या न्हाणीत एक बाई होती, घराची दिवाळी करायला निघालेली. ती वाचली, कारण पोराने दार ढकललं आणि तिला अंगणात ओढलं. गावात मात्र बोललं गेलं, "चक्कर आली, उपाशी होती ना." तुझं नाव याही वेळेला कुणाच्या तोंडी आलं नाही.

तुला घरात घेण्याचे नियम नाहीत असं समजू नकोस. 18 जुलै 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात आदेश दिले आहेत. तोंडावर ॲसिड फेकलं गेलेल्या मुलीने न्याय मागितला म्हणून ते निघाले. विकणाऱ्याने वही ठेवायची, कोणाला किती दिलं आणि त्याचा पत्ता काय ते लिहायचं. घेणाऱ्याचं फोटो असलेलं ओळखपत्र बघायचं, कशासाठी हवं ते विचारायचं. अठरा वर्षांखालच्याला द्यायचंच नाही. मोडलं तर पन्नास हजारांपर्यंत दंड. आता सांग, भोंगा लावलेल्या त्या टेम्पोत अशी वही तू कधी पाहिलीस? शाळेतून आलेली पोरगी आईने दिलेले पैसे घेऊन गल्लीच्या तोंडाशी जाते आणि तुला काखेत मारून घरी आणते. नाव विचारायचं सोडा, टेम्पोवाला तिच्याकडे नीट बघतही नाही. मुलींच्या तोंडावर फेकली जाणारी वस्तू मुलींच्याच हातून घराघरांत पोचते, आणि वर तिला क्लीनर म्हणतात.

तुझ्यावाचून आमचं अडतं, हा तुझा गोड समज आहे. बोअरच्या पाण्याने पुसलं की लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. चुना वाळायला पाणीच शिल्लक ठेवायचं नाही, हा अर्धा इलाज. न्हाणीत वायपर फिरवायला दोन मिनिटं लागतात, आणि तो बाप्या माणसाच्या हातातही मावतो, मी मापून पाहिलाय. तेलकट डागाला गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. पावसात पत्र्यावरून पडणारं पाणी टाकीत धरलं तर शेवटचा हात त्या पाण्याने, त्यात चुना जवळजवळ नसतोच. आणि ज्या थराला वर्षं झाली तो एका दिवसात जाणार नाही, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून मान्य करायचं. फारच झालं तर मशीनने घासणारा कारागीर बोलवायचा. तो फरशी तासतो, पण किती तासली ते त्याला दिसतं तरी. कुणी लिंबू किंवा व्हिनेगर सुचवेल, घरगुती म्हणून. शहाबादीला तेही नको, तीही तुझीच धाकटी भावंडं. स्टीलच्या नळावर ठीक, दगडावर नाही.

तेव्हा या घटांना तू आमच्याकडे नाहीस. आत्याबाईंना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "आमच्या सारवणाला नावं ठेवत होते, ते तर नुसतं उकलत होतं. हे तर खातंय." भाऊजींनाही सांगितलंय. त्यांच्या उत्साहाला मी पंख्याची पाती नेमून दिली आहेत.

उरलं ते तुला नव्हे, हे पत्र वाचणाऱ्या आयाबहिणींना आणि त्यांच्या भाऊजींना. ॲसिड आणि टीसीएल एका फळीवर ठेवू नका. टेम्पो आला तर वही मागा, वही नसेल तर घेऊ नका. घरात आधीच असेल तर ते पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका, तहानलेलं पोर रंग बघून बाटली ओळखतं. अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धरा, हळद-टूथपेस्ट काही लावू नका. कुणी चुकून प्यायलंच तर उलटी करवू नका. 108 ला फोन करा आणि बाटलीसकट दवाखाना गाठा.